दाराकडची बाजू

वालूरहून सेलूला आम्ही दोघी चालत निघालो होतो. निम्मा रस्ता मागं पडला आणि सुलाबाई तिसऱ्यांदा काटा काढायला बसली.

“आक्का, सगळे काटे तुमच्याच पायाला कसे घावायलेत?” मी म्हणाले.

“गरिबाचा पाय वळखतेत बाई ते.”

कडेच्या दगडावर टेकून तिनं पाऊल मांडीवर घेतलं, तळव्यावरून अंगठा फिरवला, काहीतरी चिमटीत धरल्यासारखं केलं आणि फुफाट्यात टाकलं. चिमटीत काही नव्हतं, मी पाहिलं. डाव्या हाताला हरभरा घाट्यावर आला होता, पलीकडं कापसाची शेवटची वेचणी चालली होती, हवेत अजून गारवा होता. तरी तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तोंड घट्ट मिटून ती नाकानं श्वास घेत होती, मला ऐकू जाऊ नये असा.

“पाणी देऊ का?”

“नगं. चला. आन् कडूला सांगू नका मी बसले म्हणून. लय हसंल भवानी.”

आम्ही सेलूला चाललो होतो पट्ट्याच्या चपला घ्यायला, आणि चपला घ्यायच्या होत्या अंदमानला जायचं म्हणून. जीपनं जाता आलं असतं. पण सहलवाल्यांनी सांगितलं होतं, बोटीत चढायला-उतरायला पायांना सवय पाहिजे, रोज थोडं चाला. थोडं म्हणजे किती हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. सुलाबाईनं सेलू ठरवलं.

मी वालूरला अंगणवाडी चालवायचे, आता निवृत्त झाले. माझी मुलगी संघप्रिया संभाजीनगरला नोकरी करते. तिच्या ओळखीचे भगवानराव म्हणून एक गृहस्थ आहेत, ते वयस्कर माणसांच्या सहली काढतात. सावकाश फिरवायचं, दुपारचं झोपू द्यायचं, पोटाला सोसेल ते खायला घालायचं, अशी त्यांची पद्धत. वर्षावास संपला त्या आश्विन पौर्णिमेला संघप्रिया गावी आली होती. वंदना झाल्यावर तिनं विहारात बायकांपुढं विषय काढला. सेलूहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमानानं अंदमान, मग बोटीनं एका लहान बेटावर. चार रात्री राहायचं. माघ पौर्णिमा झाली की निघायचं.

“बेट म्हंजी गं काय?” कुणीतरी विचारलं.

“चारी अंगानं समुद्र, मधी आपण,” संघप्रिया म्हणाली.

सगळ्यांत आधी हात वर केला तो सुलाबाईनं. म्हणाली, “माझं नाव घाल. आन् माझ्याखाली कडूबाईचं घाल.”

कडूबाई विहारात नव्हती. ती आमच्यातली नाही, गावातल्या शेतकरी घरातली, हिंदू. पण सुलाबाईचं नाव लिहिलं आणि कडूबाईचं लिहिलं नाही असं वालूरमध्ये होत नाही. ते का, हे सांगायचं तर ऊसतोडीपासून सांगावं लागतं.

सुलाबाईचं माहेर येलदरीकडचं, धरणाच्या पाण्याकाठचं. लग्न होऊन वालूरला आली आणि पहिल्याच दिवाळीनंतर सूर्यभानबरोबर ऊस तोडायला गेली. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही. घेतलंच तर दुसरा कुणी अर्धा शोधून त्याच्याशी जोडून देतो.

सिद्धोधन, तिचा मुलगा, कडेवर होता तेव्हा सूर्यभान भरलेल्या ट्रॉलीखाली गेला. चढावर ट्रॉली मागं आली आणि कलंडली. सगळ्या टोळीनं मोळ्या उपसल्या. सुलाबाईही उपसत होती. तिनंच मला एकदा सांगितलं, “शेवटची मोळी मीच बांधलेली व्हती बाई. माझी गाठ मी वळखली.” तेवढंच सांगितलं आणि तांदूळ निवडायला लागली.

पुढच्या हंगामाला ती अर्धा कोयता झाली. सुग्रीव मुकादमाच्या टोळीत दुसरा अर्धा होता कडूबाईचा. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापानं कडू नाव ठेवलेलं, नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून ही बाहेर पडलेली. सुग्रीवनं दोघींना एकमेकींसमोर उभं केलं आणि म्हणाला, “ही तुझा नवरा, ही तुझी बायको. कोण कोण ते तुमचं तुमी ठरवा.” टोळी हसली. सुलाबाईनं कोयता उचलला, कडूबाईनं मोळी बांधायचं आळं. ठरलं.

टोळीत आमच्या माणसांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, एका अंगाला आणि बाकीच्यांच्या दुसऱ्या अंगाला असायच्या. एका कोयत्याला एक कोपी. मग ह्या दोघींची कुठं? दोन्हीच्या मधोमध, एकटी. कडूबाईच्या दिरानं सांगून पाठवलं, “तिच्या चुलीचं खाशील तर घरला यायचं न्हाई.” कडूबाईनं उलट निरोप दिला, “घरला बोलवायलंय कोण?”

उसाच्या पाचटाची कोपी ती. तिला दार नसतं, पोतं लावतात. पहिल्याच हंगामात कुणीतरी ते पोतं उचललं. कडूबाई दाराच्या अंगाला झोपली होती. तिच्या तोंडातून आवाज निघेना. सुलाबाईनं उशाचा कोयता घेतला आणि उलट्या बाजूनं हाणला. सकाळी टोळीतला एक गडी हाताला फडकं बांधून तोडीला आला. सगळ्यांनी फडकं बघितलं. कुणी काही विचारलं नाही. सुग्रीव सुलाबाईला एवढंच म्हणाला, “गुमान ऱ्हा. हंगाम काढायचाय.”

त्या दिवसापासून कडूबाईला आतल्या अंगाला निजवायचं आणि दाराकडं सुलाबाईनं निजायचं, पाठीला पाठ लावून. सिद्धोधन कडूबाईच्या पोटाशी. पाठ लागली नाही तर कडूबाईला झोप यायची नाही, आणि झोप नाही आली तर दुसऱ्या दिवशी मोळी डोक्यावरून निसटायची. वीसेक वर्षं त्या अशा झोपल्या. मुकादमाची बॅटरी कोपीवर पडली आणि “उठा गं ए” अशी हाळी आली की उठायचं, तेव्हा तांबडंही फुटलेलं नसायचं. तोड सुटल्यावर वालूरला दोघी आपापल्या घरात निजायला लागल्या, पण परक्या जागी कडूबाईला अजूनही पाठ लागते.

एका सालचा हंगाम कोल्हापूरकडं पडला. कारखाना बंद झाला तेव्हा सुग्रीव खुशीत होता. त्यानं टोळीला समुद्र दाखवायला ट्रक काढला. पण ट्रकात माणसं मावेनात, आणि मागं बैलं होती, लेकरं होती, भांडीकुंडी होती. मग पूर्ण कोयते समुद्राला गेले आणि अर्धे कोयते राखणीला राहिले. “पुढल्या साली तुमाला नेतो,” सुग्रीव म्हणाला. दुसऱ्या दिवशी बायका परत आल्या. केस मिठानं राठ झालेले, बोलणं थांबेना. एकीच्या लुगड्याच्या काठात वाळू अडकली होती. ती कडूबाईनं झटकून घेतली आणि कागदाच्या पुडीत बांधून वालूरला आणली. पुढल्या साली ट्रक निघाला नाही. त्याच्या पुढल्या सालीही नाही. पण हंगाम संपला की सुग्रीव न चुकता म्हणायचा, “पुढल्या साली, बायांनो.”

म्हणून नाव घाल म्हणाली ती.

भगवानराव एकदा गावी येऊन गेले. विहाराच्या भिंतीला पांढरं धोतर लावून त्यांनी चित्रं दाखवली. हिरवं-निळं पाणी, नारळाची झाडं, पांढरी वाळू. माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या. सुलाबाई चित्र बघत होती आणि कडूबाई सुलाबाईच्या तोंडाकडं बघून चित्र कसं आहे ते ठरवत होती.

“सर, तिथं भाकरी कुठं थापायच्या?” कडूबाईनं विचारलं.

“थापायच्या नाहीत, मावशी. आयतं ताट मिळतं.”

“मंग काम काय करायचं?”

“काही नाही करायचं.”

“दिवसभर?”

“दिवसभर.”

कडूबाई सुलाबाईकडं वळली. “ह्याच्यात कायतरी हाय बघ सुले. फुकट कुणी बसवून खायला घालत न्हाई.”

“फुकट न्हाई गं. ह्या मुकादमाला उचल आपूनच द्यायची आस्ती,” सुलाबाई म्हणाली, आणि विहारात असा हशा झाला की भगवानरावांना काय झालं ते कळेना. ऊसतोडीला निघताना मुकादम माणसांना आगाऊ उचल देतो. इथं उलटं होतं.

मग त्यांनी खोलीचं चित्र लावलं. रुंद पलंग, पांढरी चादर. “एका खोलीत दोघं,” ते म्हणाले. “एकट्याला वेगळी खोली नाही, म्हणून आत्ताच जोड्या करून घ्या.”

“घ्या! इथंबी कोयताच की,” सुलाबाई म्हणाली.

कडूबाई मात्र हसली नाही. पुढं सरकून तिनं चित्राला बोट लावलं. “दार कोन्या अंगाला हाय?”

भगवानराव गोंधळले. “दार… इकडं असेल बहुतेक. का हो?”

“तसं न्हाई. इचारलं.”

सुलाबाई तिला हळूच म्हणाली, “कोन्याबी अंगाला आसू दे. तू भिताडाकडंच निजशील.” आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “बाई, मला समुद्राचं एवढं न्हाई. पाणी मी धरणाचं लय बघितलंय. मला तिथं सकाळी निजून ऱ्हायाचंय. आमी दोघी निजलाव आन् ऊन तोंडावर आलं तरी कुणी उठवलं न्हाई, असं एकदा बघायचंय.”

जाताना भगवानरावांनी सगळ्यांना सांगितलं, “कुणाला काही त्रास असेल तर आत्ताच सांगा. लपवू नका. त्याप्रमाणे सोय करता येते.” तेव्हा मी सुलाबाईकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मला काही दिसलं नसतं. त्यांनी एकेकीला विचारलं. कुणी साखर सांगितली, कुणी गुडघे सांगितले. सुलाबाई म्हणाली, “कायी न्हाई. खडखडीत हाय.” सेलूला तपासणी होती तिथंही ती तेच म्हणाली. तिथल्या पोरीनं रक्तदाब बघितला, तो बरा निघाला, तिनं सही केली.

तयारी सुरू झाली. कडूबाईनं समुद्राला वाहायला नारळ घेऊन ठेवला.

“तिथं नारळच नारळ हायत म्हणले ना सर. हितून वझं कशाला?” सुलाबाई म्हणायची.

“तिथला त्याचाच हाय. त्याचंच त्याला देऊ?”

तिखटाची पुडी, ताडपत्रीचा तुकडा, सुतळी, असं तोडीला जाताना बांधतात तसं गाठोडं कडूबाईनं बांधलं होतं. ते सोडून बघितलं तर आत विळाही निघाला. विमानात चालत नाही म्हणून तो काढायला लावला, तेव्हा तिचं तोंड उतरलं. सुलाबाई म्हणाली, “मी हाय न्हवं?”

आता पुन्हा त्या रस्त्यावर येते.

सेलू जवळ आलं. जिनिंगकडं निघालेल्या कापसाच्या गाड्या शेजारून जायला लागल्या, कापसाचे पुंजके बाभळींना लटकलेले दिसायला लागले. सुलाबाई माझ्या थोडी मागं होती. ती बसल्याचं मला आवाजावरून कळलं. वळून पाहिलं तर ती रस्त्याच्या कडेला खाली मातीत बसली होती. पाऊल मांडीवर घेतलेलं नव्हतं. दोन्ही हात मागं टेकवलेले, मान वर, तोंड उघडं.

“आक्का?”

“ह्या वख्ताला काटा न्हाई, बाई,” ती म्हणाली.

लुगडं घोट्यावरून सरकलं होतं. पाय सुजून तट्ट झाले होते, पायातल्या तोड्यांखाली कातडी दबून खड्डा पडला होता. कापसाच्या टेम्पोवाल्यानं आम्हाला वर घेतलं. ती आडवी व्हायला तयार होईना. “आडवं केलं की बुडल्यावानी व्हतं,” म्हणाली. गठ्ठ्यांना टेकून बसवली. मी तिचा हात धरून मनात त्रिशरण म्हणत राहिले. दुसरं मला काही येत नव्हतं.

सेलूच्या डॉक्टरांनी तिथं ठेवलं नाही, परभणीला पाठवलं. परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी तपासलं, फोटो काढला, आणि तिला विचारलं, “आजी, रात्री झोपता कशा?”

ती माझ्याकडं बघायला लागली.

“खरं सांगा.”

“बसून,” ती म्हणाली. “भिताडाला टेकून.”

“कधीपासून?”

“दिवाळीच्या आधीपासून.”

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले. हृदयाची झडप खराब होती, दुखणं खूप जुनं. हृदय फुगलं होतं, पाणी फुप्फुसात आलं होतं. दिवाळीच्या वेळी आली असती तर औषधांवर बरंच सावरलं असतं, कदाचित ऑपरेशनही झालं असतं. आता ऑपरेशन सोसायचं नाही. विमान नाही, बोट नाही, दवाखान्यापासून लांब कुठंच नाही. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी भगवानरावांना फोन करून सांगितलं. ते मग म्हणाले, “अहो बाई, मी म्हणालो होतो ना, सांगा म्हणून. आधी इलाज करून पुढची तारीख धरली असती. माझ्याबरोबर हृदयाचे पेशंट येतात. चाकाची खुर्ची देतो, खालची खोली देतो. मी काय त्यांना सोडून जाणार होतो?”

हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं. नळी लावली होती नाकाला, तिच्यातून ती हसली.

“सुग्रीव बी आसंच म्हनायचा बाई. हंगामाला निघायच्या आधी समद्यांना पारावर बसवायचा. ‘कुणाला कायी तरास आसंल तर आत्ताच सांगा, लपवू नका, तशी सोय करू.’ शब्दाला शब्द. जिनं सांगितलं तिची सोय व्हायची. ट्रक तिला सोडून जायचा.” तिला दम लागला. थांबली. “एका साली शेवंता म्हनून एकीनं सांगितलं, छातीत दुखतंय. ट्रक गेला, ती पारावर तशीच बसलेली. तवापासून आमच्यात ठरलेलं हाय. दम लागला तर काटा काढायला बसायचं. सांगायचं न्हाई.”

“पण आक्का, भगवानराव मुकादम नव्हते.”

“ते मला कसं कळावं?”

मी तिची सरकलेली नळी नीट केली.

सिद्धोधन पुण्याहून आला. तो तिथं कंपनीत आहे. बिचारा बाहेरच्या बाकावर डोकं धरून बसायचा, आत आला की आईचे पाय दाबायचा. डॉक्टरांनी दाबू नका म्हणून सांगितलं, तर पायाशी नुसता हात ठेवून बसायचा. निघायचा दिवस जवळ येत चालला होता. बाकीच्या बायकांच्या बॅगा भरून झाल्या होत्या.

कडूबाईला आम्ही ताप म्हणून सांगितलं होतं. तिनं तो ताप चार दिवस मानला आणि पाचव्या दिवशी परभणीची बस धरून आली. हातात पिशवी, पिशवीत नारळ. आत येऊन तिनं आधी नळीकडं बघितलं, मग पायांकडं, मग माझ्याकडं. मी मान खाली घातली.

“काटा काढायली हुतीस व्हय गं?” ती सुलाबाईला म्हणाली. “माझ्यापुढंबी?”

“तुला सांगितलं आसतं तर तू गाव गोळा केलं आसतंस.”

“केलं आसतं. खाटंला बांधून आनलं आसतं तुला हितं, दिवाळीलाच.” तिनं पदर तोंडाला लावला. मग पिशवी खाटेखाली सरकवली आणि खाली फरशीवर बसली, ठिय्या मांडल्यासारखी. “मी न्हाई जानार.”

“जाशील.”

“न्हाई. काय करू जाऊन? समुद्र काय पळून जायलाय का? तू बरी हो. पुढल्या साली जाऊ दोघी.”

सुलाबाई खाटेवर टेकून बसली होती, तशीच पुढं वाकली. मी तिला धरायला गेले, तिनं हात झटकला.

“काय म्हनलीस?”

कडूबाईला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं.

“वीस वर्सं सुग्रीव आपल्याला पुढल्या साली दावायला. तुझ्या तोंडून आयकायचं ऱ्हायलं व्हतं तेवढं.” तिच्या घशात घरघर वाजत होती. “मला पुढल्या साली म्हनू नगंस कडे. तू म्हनू नगंस.”

शेजारच्या खाटेवरच्या माणसांनी तोंडं फिरवली. कडूबाई फरशीवरच्या एका डागाकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, “बरं, गेले. आन् निजू कशी? त्या एवढ्या मोठ्या पलंगावर? सर म्हनलेत एकट्याला खोली न्हाई. कुण्या बाईबरूबर टाकतील मला. परक्या जागी मला झोप येत न्हाई सुले, तुला ठावं हाय. तू हितं बसून झोपायलीस, मी तिथं बसून झोपू?”

सुलाबाईनं हात खाली सोडला, कडूबाईच्या डोक्यावर ठेवला. पांढरे केस, मधला भाग विरळ झालेला, तिथं वर्षानुवर्षं मोळी बसायची. सुलाबाईचं बोट त्याच जागेवरून फिरत राहिलं.

“तोंड धुऊन ये जा,” ती म्हणाली. “आन् मला च्या आन. बिनसाखरेचा देतेत हितं मेले. तू साखर घालून आन, कुणाला दिसू देऊ नगंस.”

कडूबाई उठली, पदरानं तोंड पुसत बाहेर गेली. तिची चप्पल व्हरांड्यात दूर जाईपर्यंत सुलाबाई कान देऊन राहिली. मग माझ्याकडं वळली.

“बाई, तुमची खोली संघप्रियासंगं हाय ना?”

“हो.”

“ती शिकलेली पोर हाय. माझी उचल भरलेली हाय, एकटी निजंल. तुमी कडूच्या खोलीत जा.”

“जाईन की आक्का.”

“जाईन म्हनू नका. आधी आयका.” ती थांबली, दम घेतला. मी पुढं वाकले, कारण तिचा आवाज आता फार खाली गेला होता. “खोलीत गेल्याबरूबर दार कोन्या अंगाला हाय ते बघा. कडूला भिताडाकडं निजवा. दाराकडच्या अंगाला तुमी निजा. कुलूप लागलेलं आसलं तरीबी. तिच्या पाठीला पाठ लावा. तुमाला सवय न्हाई, आवघडल्यावानी व्हईल, पर सरकू नका. पाठ लागली की निजती ती, लेकरावानी निजती.”

बाहेर कपबशीचा आवाज झाला. सुलाबाईनं माझा हात धरला, गार पडलेल्या बोटांनी, घट्ट.

“आन् सकाळी तिला उठवू नका, बाई. कुणाला उठवू देऊ नका. ऊन तोंडावर आलं तरी निजू द्या तिला.”